विद्यापीठातील नोंद : प्रवेशअर्जापासून पदवीपर्यंत

बारावीचा निकाल जाहीर झाला की राज्यातील महाविद्यालयांच्या कार्यालयांत एकच वर्दळ सुरू होते. अर्ज, गुणवत्ता यादी, शुल्क, कागदपत्रांची पडताळणी या धावपळीत प्रवेश मिळणे हीच मुख्य गोष्ट मानली जाते, आणि तो एकदा मिळाला की पालक निश्चिंत होतात. वस्तुतः त्याच दिवशी एका दुसऱ्या कामाला आरंभ झालेला असतो. विद्यार्थ्याचे नाव, त्याची पात्रता, त्याने निवडलेले विषय आणि पुढे त्याला मिळणारे गुण यांचा एक अभिलेख विद्यापीठात आकार घेऊ लागतो. पदवी अभ्यासाचे फळ असते हे खरे. परंतु ती दिली जाते ती या अभिलेखाच्या आधारे. ज्या विषयाची नोंदणी झालेली नाही, त्याचा अभ्यास कितीही मन लावून केलेला असला तरी गुणपत्रिकेत त्याला जागा नसते.

महाविद्यालयाने शिकवावे आणि विद्यापीठाने परीक्षा घेऊन पदवी द्यावी, ही विभागणी आपल्याकडे जुनी आहे. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर झाली. पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ मध्ये घेण्यात आली आणि १८६२ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा समावेश होता. त्या काळचा विद्यार्थ्यांचा अभिलेख काही पानांत मावत असेल. पुढे विद्यापीठे वाढली, संलग्न महाविद्यालये तालुक्याच्या ठिकाणी पोहोचली, तरी अभिलेखाचे स्वरूप दीर्घकाळ साधेच राहिले. विषय ठरलेले असत, वर्षाअखेरीस एक परीक्षा होई आणि एक गुणपत्रिका हाती पडे. विद्यार्थ्याने काही चुकवायचे म्हटले तरी चुकवण्याजोगे फारसे काही नव्हते.

आज परिस्थिती निराळी आहे. वर्षाची दोन सत्रे झाली, गुणांच्या जोडीला श्रेयांक आले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ला अनुसरून राज्यातील स्वायत्त महाविद्यालयांत व विद्यापीठांच्या विभागांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी अभ्यासक्रमरचना अमलात आली. तीत विद्यार्थ्याला प्रत्येक सत्रात काही विषय स्वतः निवडावे लागतात. निवडीचे हे स्वातंत्र्य स्वागतार्ह आहेच. मात्र त्याबरोबर नोंदणीची जबाबदारीही विद्यार्थ्याच्या शिरावर आली आहे. घरातून प्रथमच महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींना ती समजावून सांगणारे कोणी नसते. त्यांना विचारता येईल अशी माणसे म्हणजे गावातील शिक्षक, ग्रामसेवक, सेवा केंद्राचा चालक आणि क्वचित एखादा पंचायत सदस्य.

नावाची पहिली नोंद

विद्यापीठातील नोंदणीत होणाऱ्या चुकांचे मूळ पुष्कळदा विद्यापीठात नसतेच. ते प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरात असते. तेथे लिहिलेले नाव आणि जन्मतारीख शाळा सोडल्याच्या दाखल्यावर येते, दाखल्यावरून दहावीच्या परीक्षेच्या अर्जात जाते, आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर जे छापले जाते तेच पुढे आयुष्यभर प्रमाण मानले जाते. मध्यंतरी आधारपत्रावर वेगळेच नाव नोंदले गेलेले असते. कोठे वडिलांचे नाव गाळलेले, कोठे आडनाव आधी, कोठे घरातील हाकेचे नावच अधिकृत झालेले, असे प्रकार सर्रास आढळतात.

रोमन लिपीने या गोंधळात भर घातली आहे. ‘दीपक’ हे नाव मराठीत एकाच रीतीने लिहिले जाते. रोमन लिपीत मात्र कोणी दोन ‘ई’ घालतो, कोणी एक ‘आय’. माणसाला ही दोन्ही नावे एकच वाटतात; संगणकाला ती दोन निराळ्या माणसांची वाटतात. शिष्यवृत्तीचा अर्ज, बँकेचे खाते आणि विद्यापीठाची नोंद यांत असा फरक राहिला की पैसे अडकतात किंवा अर्ज परत येतो.

शाळेतील नोंद विद्यार्थी शाळेत असेपर्यंत दुरुस्त करून घेणे त्या मानाने सोपे असते. त्याने शाळा सोडल्यानंतर अशा बदलांवर माध्यमिक शाळा संहितेने कडक बंधने घातलेली आहेत आणि उघड लेखनप्रमाद असल्यासच दुरुस्तीचा विचार होतो. म्हणून नववीच्या वर्गशिक्षकाने जनरल रजिस्टर, जन्मदाखला आणि आधारपत्र ही तीन कागदपत्रे शेजारी ठेवून प्रत्येक मुलाचे नाव एकदा ताडून पाहिले, तर पुढची कित्येक हेलपाट्यांची वर्षे वाचतील. हे काम एका वर्गासाठी फार तर दोन-तीन दिवसांचे आहे. मुलींच्या बाबतीत ते विशेष अगत्याचे ठरते. शिक्षण चालू असताना विवाह झाला की सासरचे नाव लावण्याचा आग्रह होतो आणि अर्ध्या गुणपत्रिका एका नावाने, अर्ध्या दुसऱ्या नावाने अशी स्थिती उद्भवते. अभ्यासक्रम पूर्ण होईपर्यंत दहावीच्या प्रमाणपत्रावरील नावच सर्वत्र कायम ठेवावे आणि विवाहोत्तर नाव विवाह नोंदणी प्रमाणपत्राने किंवा राजपत्रातील प्रसिद्धीने जोडून घ्यावे, हा मार्ग सर्वांत सोयीचा.

विद्यापीठात प्रवेश घेताच विद्यार्थ्याला एक कायम नोंदणी क्रमांक मिळतो. सर्वत्र तो ‘पीआरएन’ या नावानेच ओळखला जातो. परीक्षेचा बैठक क्रमांक दर सत्राला बदलतो. हा क्रमांक त्या विद्यापीठापुरता बदलत नाही. पदवी मिळाल्यावर वीस वर्षांनी एखादे प्रमाणपत्र हवे असले तरी शोध येथूनच सुरू होतो. तो केवळ ओळखपत्रावर असून भागत नाही, कारण ओळखपत्र हरवते. घरातील शिधापत्रिकेबरोबर ठेवलेल्या वहीत तो लिहून ठेवलेला असावा.

ऑनलाइन अर्ज भरताना होणाऱ्या एका चुकीचा उल्लेख येथेच केला पाहिजे. गावातील सेवा केंद्रात अर्ज भरताना विद्यार्थ्याकडे स्वतःचा मोबाइल नसतो, म्हणून केंद्रचालक आपलाच क्रमांक आणि आपलाच ई-मेल घालतो. हेतू चांगला असतो. परंतु पुढे प्रत्येक सूचना आणि प्रत्येक ओटीपी त्याच्याकडे जातो, आणि परीक्षेच्या अर्जाची मुदत संपल्याचे विद्यार्थ्याला मैत्रिणीकडून कळते. आई-वडिलांपैकी कोणाचा तरी क्रमांक घालावा. तो बदलला तर महाविद्यालयाला लेखी कळवावे.

पात्रता म्हणजे काय

महाविद्यालयाने दिलेला प्रवेश सुरुवातीला तात्पुरता असतो. विद्यार्थ्याची आधीची परीक्षा मान्यताप्राप्त मंडळाची आहे आणि अभ्यासक्रमाला आवश्यक ते विषय व गुण त्याच्याकडे आहेत, याची खात्री विद्यापीठाचा पात्रता विभाग करून घेतो. ही खात्री झाली की प्रवेश कायम होतो. राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत हे काम बहुधा विनासायास होते. दुसऱ्या मंडळातून, दुसऱ्या राज्यातून किंवा दुसऱ्या विद्यापीठातून येणाऱ्याला मात्र स्थलांतर प्रमाणपत्र, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले ‘मायग्रेशन’, सादर करावे लागते. सिंधुदुर्गातून गोवा विद्यापीठात जाणारा किंवा बेळगावकडून कोल्हापुरास येणारा विद्यार्थी या कागदावाचून अडतो. शाळा सोडल्याचा दाखला संस्थेकडून मिळतो आणि स्थलांतर प्रमाणपत्र मंडळाकडून वा विद्यापीठाकडून. ही दोन निरनिराळी कागदपत्रे आहेत. एकावर काम भागेल असे समजून निघालेल्या विद्यार्थ्याला परत फिरावे लागते.

पात्रतेचा कागद राहून गेला तर तत्काळ काहीच बिघडत नाही, आणि हीच यातील मेख आहे. वर्ग चालू राहतात, परीक्षाही देता येते. निकालाच्या दिवशी मात्र गुणांऐवजी ‘निकाल राखीव’ असा शेरा दिसतो.

मूळ कागदपत्रांविषयीही एक गोष्ट स्पष्ट असावी. मूळ प्रमाणपत्रे पडताळून ती विद्यार्थ्याला परत द्यावीत, संस्थेने ती आपल्याकडे अडकवून ठेवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये अधिसूचित केले आहे. प्रवेश रद्द करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला शुल्कासाठी मूळ गुणपत्रिका धरून ठेवल्याचे सांगितले जाते तेव्हा पालकांना या तरतुदीची माहिती नसते. ती त्यांना करून देणे हे गावातील जाणत्या माणसांचे काम होय.

विषयनिवड आणि श्रेयांक

श्रेयांक हा शब्द नवखा वाटला तरी कल्पना साधी आहे. एखाद्या विषयासाठी किती तास द्यावयाचे, त्याचे ते माप आहे. व्याख्यानाचे १५ तास म्हणजे एक श्रेयांक. प्रात्यक्षिकाचे ३० तास म्हणजे एक श्रेयांक. महाराष्ट्रातील रचनेत एका सत्राला २२ श्रेयांक ठरविण्यात आले आहेत. त्या हिशेबाने पहिल्या वर्षाअखेर ४४, दुसऱ्या वर्षाअखेर ८८, तिसऱ्या वर्षाअखेर १३२ आणि चौथ्या वर्षाअखेर १७६ श्रेयांक जमतात. तीन वर्षांनंतर पदवी आणि चार वर्षांनंतर ऑनर्स पदवी मिळते.

हे २२ श्रेयांक एकाच विषयाचे नसतात. मुख्य विषय, गौण विषय, अन्य विद्याशाखेतील खुला वैकल्पिक विषय, कौशल्याचे विषय, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, प्रत्यक्ष कामाचा अनुभव, समाजसंपर्क अशा अनेक कप्प्यांत ते विभागलेले आहेत. प्रत्येक कप्पा ठरलेल्या मर्यादेपर्यंत भरावाच लागतो. एका कप्प्यात जास्त श्रेयांक मिळविले म्हणून दुसऱ्या कप्प्यातील उणीव भरून निघत नाही. पदवीच्या वेळी एकूण बेरीज पुरी भरते आणि तरीही एखादा दोन श्रेयांकांचा लहानसा विषय राहून गेल्यामुळे पदवी अडते, हे शक्य आहे. एकूण बेरजेऐवजी कप्प्याकप्प्याने मोजणी करणे म्हणूनच आवश्यक ठरते, आणि ती दर सत्राअखेर व्हावी.

निवडीतही सावधगिरी हवी. विद्यापीठाच्या यादीत पुष्कळ वैकल्पिक विषय असतात. परंतु तालुक्याच्या महाविद्यालयात त्यांतील जे शिकविण्यासाठी अध्यापक असतील तेवढेच प्रत्यक्षात उपलब्ध होतात. छापील यादीवरून मनोरथ रचण्यापूर्वी कार्यालयात विचारपूस करणे शहाणपणाचे. गौण विषय निवडताना पुढे कोणत्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाकडे किंवा अध्यापनाकडे वळायचे आहे, याचाही विचार व्हावा. मैत्रिणीने घेतला म्हणून घेतलेला विषय तीन वर्षे सोबत करतो.

ज्यांच्या महाविद्यालयात एखादा विषय नाही, त्यांच्यासाठी केंद्र शासनाच्या ‘स्वयम्’ मंचावरील अभ्यासक्रमांचा मार्ग खुला आहे. अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमानुसार एखाद्या अभ्यासक्रमातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक अशा रीतीने मिळविता येतात. मात्र आधी आपल्या महाविद्यालयाची मान्यता घ्यावी, मग नाव नोंदवावे. क्रम उलटा झाला तर हाती प्रमाणपत्र येते, श्रेयांक येत नाहीत.

गुणांचे श्रेणीत रूपांतर होऊन सत्राची सरासरी कशी निघते, हेही समजून घ्यावे. समजा, चार श्रेयांकांच्या तीन विषयांत एका विद्यार्थिनीला ७, ८ आणि ६ श्रेणीगुण मिळाले आणि दोन श्रेयांकांच्या पाच विषयांत ९, ८, १०, ७ आणि ५ मिळाले. प्रत्येक श्रेणीगुणाला त्या विषयाच्या श्रेयांकांनी गुणले असता पहिल्या तिघांचे ८४ आणि नंतरच्या पाचांचे ७८, असे एकूण १६२ होतात. त्यांना २२ ने भागले की सरासरी ७.३६ येते. आता हिच्या चार श्रेयांकांच्या विषयात ६ ऐवजी ७ मिळाले असते, तर सरासरी ७.५५ झाली असती. दोन श्रेयांकांच्या विषयात ५ ऐवजी ६ मिळाले असते, तर ७.४५. फेरमूल्यांकनासाठी पैसे भरताना कोणत्या विषयाचे भरावेत, याचे उत्तर या साध्या गणितात आहे. सरासरीचे टक्केवारीत रूपांतर करण्याचे सूत्र विद्यापीठागणिक निराळे असते; नोकरीच्या अर्जात टक्केवारी लिहिताना गुणपत्रिकेच्या पाठीमागे छापलेले सूत्रच वापरावे.

मध्येच शिक्षण सोडावे लागले तर

नव्या व्यवस्थेतील सर्वांत महत्त्वाची, आणि ग्रामीण भागात सर्वांत कमी माहीत असलेली, बाब ही आहे. पूर्वी दुसऱ्या वर्षी शिक्षण सुटले तर विद्यार्थ्याच्या हाती ‘बारावी उत्तीर्ण’ एवढीच ओळख उरत असे. विवाह, घरातील आजारपण, ऊसतोडणीचे स्थलांतर, वडिलांचे निधन या कारणांनी बाहेर पडलेल्यांची वर्षे जणू गेलीच नव्हती अशी पुसली जात. आता पहिले वर्ष पूर्ण करून आणि कौशल्याचे चार जादा श्रेयांक मिळवून बाहेर पडणाऱ्यास प्रमाणपत्र, व दुसऱ्या वर्षानंतर त्याच रीतीने पदविका मिळू शकते. अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये प्रसृत केलेल्या आराखड्यानुसार अशा विद्यार्थ्याला तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि एकूण सात वर्षांच्या मर्यादेत पदवी पूर्ण करता येते.

परत येण्यासाठी मिळविलेले श्रेयांक कोठेतरी सुरक्षित असले पाहिजेत. त्यासाठी २०२१ च्या विनियमान्वये ‘ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ ही व्यवस्था निर्माण करण्यात आली. नावात बँक असली तरी येथे पैशाचा संबंध नाही. विद्यार्थी डिजिलॉकरमार्फत खाते उघडतो व त्याला बारा अंकी क्रमांक मिळतो. शालेय विद्यार्थ्यांसाठी हाच क्रमांक ‘अपार’ या नावाने दिला जात असून, अज्ञान विद्यार्थ्याच्या बाबतीत त्याकरिता पालकांची संमती घ्यावी लागते.

या खात्याविषयी दोन गैरसमज आढळतात. खाते उघडले की श्रेयांक आपोआप जमा होतात, हा पहिला. श्रेयांक विद्यार्थी स्वतः भरू शकत नाही. ते संस्थेनेच पाठवावे लागतात. खाते आहे पण त्यात काहीच नाही, असे दिसले तर महाविद्यालयाकडे वा विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे विचारणा करावी. जमा झालेले श्रेयांक कोठेही वटविता येतात, हा दुसरा. पदवी देणाऱ्या संस्थेतून किमान निम्मे श्रेयांक मिळवावे लागतात, आणि ज्या विद्यापीठात जायचे तेथील अभ्यासक्रमाशी जुळणारेच विषय ग्राह्य धरले जातात. श्रेयांकांची मुदतही जास्तीत जास्त सात वर्षांची आहे. त्यानंतर ते अभिलेखात राहतील, पदवीसाठी उपयोगी पडणार नाहीत.

शिक्षण सोडणाऱ्या मुलीने गाव सोडण्यापूर्वी चार गोष्टी पदरात पाडून घ्याव्यात : झालेल्या प्रत्येक सत्राची गुणपत्रिका, नोंदणी क्रमांक, श्रेयांकांच्या खात्याचा क्रमांक आणि जमल्यास बाहेर पडण्याचे प्रमाणपत्र. हे सांगण्याची वेळ बहुधा लग्नाच्या गडबडीत येते आणि तेव्हा ते सुचत नाही. गावातील शिक्षिकेने किंवा अंगणवाडी सेविकेने आठवण केली, तर दोन वर्षांनी तीच मुलगी सासरच्या तालुक्यातील महाविद्यालयात तिसऱ्या सत्राला नाव घालू शकेल.

निकाल राखीव का राहतो

राखीव निकालाची कारणे ठरलेली असतात. पात्रता निश्चित झालेली नाही, अंतर्गत मूल्यमापनाचे गुण महाविद्यालयाने पाठविलेले नाहीत, परीक्षा अर्जातील विषयाचा सांकेतांक आणि प्रत्यक्ष दिलेली प्रश्नपत्रिका जुळत नाही, किंवा आधीच्या वर्षाचा एखादा विषय राहिलेला आहे. यांपैकी बहुतेक कारणे परीक्षेपूर्वीच दिसू शकतात. प्रवेशपत्र हाती पडले की त्यावरील विषय व सांकेतांक एकेक करून तपासावेत. त्या कामाला पाच मिनिटे पुरतात. निकालानंतर तीच चूक दुरुस्त करायला महिने लागू शकतात.

‘एटीकेटी’ या शब्दाभोवती एक खेळकर दंतकथा आहे. कोठल्याही वर्गात तो हसतखेळत उच्चारला जातो. त्याचा मूळ अर्थ सत्र पुढे चालू ठेवण्यास दिलेली परवानगी, एवढाच. राहिलेल्या विषयाचा अर्ज ठरलेल्या मुदतीत दर वेळी नव्याने भरावा लागतो. तो आपोआप भरला जात नाही. शिवाय मध्येच अभ्यासक्रम बदलला तर जुन्या विषयाऐवजी कोणता समकक्ष विषय द्यावयाचा, याचे परिपत्रक विद्यापीठ काढते. ते महाविद्यालयाच्या फलकावर लागते आणि बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याच्या नजरेस पडत नाही.

तपासलेल्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत विद्यार्थ्याला मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये दिलेल्या निर्णयानुसार ती माहितीच्या अधिकाराच्या कक्षेत येते. विद्यापीठांचीही छायाप्रत व फेरमूल्यांकनाची स्वतःची पद्धत आहे. मात्र तिची मुदत थोडी असते, आणि निकाल लागताच तिकडे लक्ष द्यावे लागते.

जुनी पदवी कोठे मागावी

विद्यापीठाचे अभिलेख केवळ चालू विद्यार्थ्यांचे नसतात. निवृत्तीच्या उंबरठ्यावर सेवापुस्तकासाठी दुसरी प्रत हवी असलेले शिक्षक, परदेशी जाणाऱ्या मुलासाठी गुणांचे प्रतिलेख मागणारे पालक, पदोन्नतीसाठी पडताळणी हवी असलेले कर्मचारी या सर्वांना तेथे जावे लागते, आणि त्यांपैकी अनेक जण चुकीच्या दारावर जातात. याचे कारण राज्यातील विद्यापीठांच्या कार्यक्षेत्रांच्या इतिहासात आहे.

नियम असा की अभिलेख ज्या विद्यापीठाने पदवी दिली त्याच्याकडे राहतो. महाविद्यालय आज कोणाला संलग्न आहे याला महत्त्व नाही. सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये स्थापन झाले. त्यापूर्वीच्या सोलापूरच्या पदवीधराला कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे अर्ज करावा लागतो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार भागातील १९९० पूर्वीच्या पदव्या पुणे विद्यापीठाच्या, नांदेड-लातूर-परभणीकडील १९९४ पूर्वीच्या पदव्या तेव्हाच्या औरंगाबाद येथील विद्यापीठाच्या, अमरावती विभागातील १९८३ पूर्वीच्या आणि चंद्रपूर-गडचिरोलीतील २०११ पूर्वीच्या पदव्या नागपूर विद्यापीठाच्या. मराठवाड्यातील महाविद्यालये १९५८ पर्यंत हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. गोव्यात स्वतंत्र विद्यापीठ झाले ते १९८५ मध्ये. त्याआधी मडगाव-पणजीच्या महाविद्यालयांतून पदवीधर झालेल्यांची नोंद मुंबईत आहे. विभाजनाच्या वर्षी जे विद्यार्थी शिकत होते, त्यांच्या पहिल्या दोन वर्षांच्या गुणपत्रिका एका विद्यापीठाच्या आणि पदवी दुसऱ्याची, असेही घडलेले आहे. ते बनावट नव्हे, हे पडताळणी करणाऱ्या अधिकाऱ्याने ध्यानात ठेवावे.

नावांचेही तेच. मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. पुणे विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव २०१४ मध्ये देण्यात आले. एकाच घरातील थोरल्या व धाकट्या बहिणीच्या पदव्यांवर दोन वेगळी नावे असतात आणि परराज्यातील नियोक्त्याला ती दोन संस्थांची वाटतात. अशा वेळी नाव बदलल्याचे विद्यापीठाचे पत्र जोडले की प्रश्न सुटतो.

अलीकडच्या वर्षांतील पदव्या व गुणपत्रिका विद्यापीठे डिजिलॉकरवर ठेवीत आहेत आणि तेथे निर्गमित झालेला दस्तऐवज माहिती-तंत्रज्ञान कायद्याखालील २०१६ च्या नियमांनुसार मूळ कागदाच्या तोडीचा मानला जातो. मोबाइलने काढलेले प्रमाणपत्राचे छायाचित्र तेथे चढविले तर त्याला हा दर्जा मिळत नाही, हा फरक मात्र अर्जदाराइतकाच अर्ज स्वीकारणाऱ्या लिपिकालाही माहीत असावा.

दाद कोठे मागावी

नोंदीतील चूक प्रथम महाविद्यालयाच्या प्राचार्यांना लेखी कळवावी आणि पोच घ्यावी. तोंडी सांगितलेल्या तक्रारीचा अभिलेख राहत नाही. पात्रता, पदवी आणि स्थलांतर यांचे काम विद्यापीठात कुलसचिवांच्या अखत्यारीत चालते. परीक्षा व निकालाचे काम २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमानुसार परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांकडे सोपविण्यात आले आहे. एकाचे पत्र दुसऱ्याच्या टेबलावर गेले की ते फिरत राहते, म्हणून पाकिटावर पदनाम अचूक लिहावे आणि पत्रात नोंदणी क्रमांक, सत्र, विषयाचा सांकेतांक व बैठक क्रमांक न विसरता द्यावा.

एवढ्यावर काम झाले नाही तर अनुदान आयोगाच्या एप्रिल २०२३ च्या विनियमान्वये प्रत्येक संस्थेत स्थापन करावयाच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जाता येते. समितीने तक्रार मिळाल्यापासून १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यावयाचा असतो. तिचा निर्णय मान्य नसल्यास विद्यार्थ्याला १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येते आणि लोकपालाने ते ३० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावयाचा असतो. लोकपालाचे नाव व पत्ता संस्थेने आपल्या माहितीपुस्तिकेत देणे अपेक्षित आहे. प्रवेशाच्या दिवशी ती पुस्तिका घरी नेली जाते आणि बहुधा पुन्हा उघडली जात नाही. नोंदणी क्रमांकाच्या वहीत तीही ठेवून द्यावी.